पडद्यामागची मुलगी

शनिवार, ८ नोव्हेंबर. संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटे.

ही गुन्ह्याची वेळ. लिहिते आहे रविवारी सकाळी, पण तारीख-वेळ घटनेची घालायची असते, लिहिणाऱ्याच्या सवडीची नव्हे. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात हयात गेली माझी, एवढं तरी कळतं.

हकिगत अशी. बँक कर्मचाऱ्यांच्या क्लबचा हॉल. या वर्षीच्या दौऱ्यातला पहिला कार्यक्रम. शेवटचं गाणं, शेवटचं कडवं, आणि त्यातला तो वरचा सूर. लोक त्यासाठीच तिकीट काढतात. मी डोळे मिटले, श्वास भरला, सूर लावला. आणि उजव्या कानात दुसरीच कुणी बाई गायला लागली. बाई कसली, मुलगी. माझा सूर, माझी वेळ, माझं गाणं, आणि गाते ही.

टाळ्या भरपूर पडल्या. कोणाला पडल्या, हे आता तपासावं लागेल.

रविवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळ.

शांत डोक्यानं विचार केला. दोष यंत्राचा आहे.

कानातलं हे यंत्र मागच्या आठवड्यात लेकीनं घ्यायला लावलं. मला गरज नाही. लोक हल्ली पुटपुटतात, त्याला माझे कान काय करणार? पण लेक म्हणाली, आई, मी फोनवर विचारते काय करतेस, आणि तू म्हणतेस हो. तिचं मन राखायला घेतलं. काल स्टेजवर पहिल्यांदाच घातलं आणि पहिल्याच दिवशी आत बाई शिरली.

ठराव: उद्या दुकानात जाऊन यंत्र तोंडावर फेकणे.

सोमवार, १० नोव्हेंबर

फेकलं नाही, महाग आहे. नम्रपणे काउंटरवर ठेवलं. तिथल्या बाईनं ते नळीबिळीला जोडून तपासलं आणि म्हणाली की यंत्र बाहेरचा आवाज मोठा करतं, स्वतः गात नाही. मी म्हटलं, हे लेखी द्या. तिनं बॅटऱ्यांचं पाकीट दिलं आणि पुढच्या आजोबांना हाक मारली.

म्हणजे मुलगी खरी आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. प्रॅक्टिस.

बँडमधल्या तिघांचे चेहरे बारकाईनं पाहिले. कोणाच्या तरी पोटात पाप आहे.

बेस गिटार वाजवणारा, म्हणजे बेसवाला: दातांचा डॉक्टर, अजून दवाखाना चालवतो. स्वभावानं गरीब. पण चार गाण्यांच्या वर त्याला धीर धरवत नाही, बाथरूमला पळावं लागतं. म्हणून चौथ्या गाण्यानंतर ड्रमचा लांब सोलो ठेवलेला आहे. आता ड्रमरचं मनगट गेलं, त्याला लांब सोलो झेपत नाही. म्हणून उरलेला वेळ माझा दीर, म्हणजे गिटारवाला, विनोद सांगून भरून काढतो. विनोद तेच. लोक ते त्याच्याआधी संपवतात.

हा असा सगळा डोलारा माझ्या एकटीच्या गळ्यावर उभा आहे. मी थांबले तर हे तिघे घरी बसतील, बायकांच्या पायांत पायांत येतील आणि वर्षभरात आडवे होतील. म्हणून दौरा. मला स्वतःला हौस अशी नाही.

जाताना दीर म्हणाला, वहिनी, दमलात का? एखाद्या रॉक बँडच्या सिंगरला सगळा बँड वहिनी म्हणतो, असं जगात आणखी कुठे घडत असेल वाटत नाही. ड्रमर तेवढा बाई म्हणतो. त्याचा जावई मावशी म्हणतो. तो आता आमचं साउंड बघतो. चार वर्षांपूर्वीपर्यंत ते माझा नवरा बघायचा. हॉलच्या मागच्या टोकाला, मान तिरकी करून, एका कानाला हेडफोन. कार्यक्रम संपला की मी आधी त्याच्याकडे जायची. लागला ना? तो म्हणायचा, लागला. एवढंच. जास्तीचं बोलायची त्याला सवय नव्हती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

कॉलेजचं सभागृह. आज छडा लावायचाच, या तयारीनं गेले. यंत्र दोन्ही कानांत.

शेवटचं गाणं. वरचा सूर आला आणि ती आली. मी डोळे उघडेच ठेवले होते. माइक हातात घेऊन सरळ मागे चालत गेले आणि पडदा खस्सकन ओढला. मागे मोडक्या खुर्च्या, आणि एका खुर्चीवर पाव खात बसलेला वॉचमन. तो उभा राहिला. त्यानं नमस्कार केला.

मुलगी सापडली नाही. पण एक गोष्ट हाती लागली. मी पडदा ओढत होते तेव्हा माझं तोंड बंद होतं आणि सूर चालूच होता. चांगला लांबलचक चालू होता. पुरावा याहून ढळढळीत काय हवा?

लोक हसले. वॉचमनला हसले. पाव मोठा होता.

परतताना बेसवाल्यानं गाडी दोनदा थांबवायला सांगितली, त्याच्या नेहमीच्या कारणासाठी.

रविवार, १६ नोव्हेंबर

मुलीबद्दल निःपक्षपातीपणे लिहिते.

आवाज बरा आहे. गोड आहे म्हणा हवं तर. पण शिस्त नाही. श्वास चोरते. सुरावर थेट चढायला हवं तर खालून घसरत येते. आणि घाई. केवढी घाई. सूर हातात आला की जणू कोणी हिसकावून घेईल, अशी गाते. आमच्या शाळेच्या सिस्टरनी हिला एका दिवसात ओठांत बसवलं असतं.

ओठांत बसवणं म्हणजे असं. शाळेत कॉयरमध्ये पन्नास मुली. इन्स्पेक्टर यायचे त्याच्या आदल्या दिवशी सिस्टर गात्या रांगांमधून हळूहळू चालायच्या. जिचा आवाज लागत नाही, तिच्या खांद्यावर मागून एक बोट ठेवायच्या. बोट पडलं की त्या मुलीनं उद्या फक्त ओठ हलवायचे. वर ब्र काढायचा नाही. रडायचंही नाही, तेही आवाजात मोडतं. माझी शेजारीण रडली होती. मी तिला म्हटलं होतं, तुझ्या जागी मी असते तर मला स्वतःलाच कळलं असतं, बोटाची वाट पाहिली नसती.

माझ्या खांद्यावर बोट कधी पडलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दीर संत्री घेऊन आला. संत्री आणली की समजावं, अपराधी आहे. लग्नानंतर माझा ग्रामोफोन मोडला तेव्हाही संत्रीच आणली होती.

तो घोळात घोळ घालत राहिला. म्हणाला की शेवटचं गाणं बदलू या का. नाहीतर पट्टी जरा खाली घेऊ, गिटारला तसं सोपं पडतं. मी म्हटलं, तुझी बोटं चालत नसतील तर सरळ सांग, पट्टीवर कशाला ढकलतोस? त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला की वहिनी, दादा असता तर त्यानं बरोबर सांगितलं असतं. काय सांगितलं असतं विचारलं तर संत्रं सोलायला लागला. सोललं ते मलाच दिलं.

बिचारा. वय झालंय त्याचं. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण पुरुषांचं वय लवकर होतं.

मुलीबद्दल विचारलं तेव्हा बिया मोजत बसला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

विजय.

हॉस्पिटलच्या स्टाफचा वार्षिक कार्यक्रम, त्यांच्याच जेवणाच्या हॉलमध्ये. स्टेज नाही. ड्रमरच्या जावयाचं साउंडचं टेबल माझ्यापासून हातभर अंतरावर. मी सगळा वेळ त्याच्यावर डोळे रोखून गायले. वरचा सूर जवळ आला तसा त्याचा हात एका बटणाकडे सरकला. मी पाहिलं. त्यानं पाहिलं की मी पाहिलं. हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसला, लहान मुलं बसतात तसा.

मुलगी आली नाही. आज मी एकटी गायले.

परिणाम विलक्षण. सबंध हॉल एकदम शांत. चमचा वाजेना. पहिल्या रांगेतली एक नर्स मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. लोक इतके भारावलेले मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. टाळ्या जरा उशिरा आल्या, पण भारावलेल्या माणसाला हात वर करायला वेळ लागतो. मग तीच नर्स पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि मला खुर्चीत बसवलं. फार काळजीनं वागतात.

यंत्राची मात्र तक्रार करायला हवी. माझ्या सुराच्या जागी काहीतरी घोगरं, पत्रा फरशीवरून ओढल्यासारखं ऐकू आलं. बॅटरी उतरली असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

बॅटरी उतरलेली नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

नोटीस तयार केली. टाइप करून तिघांना घरपोच.

मजकूर थोडक्यात: या दौऱ्यात माझ्या नकळत एका अनोळखी मुलीचा आवाज वापरला जात आहे. ती कोण, तिला कोणी आणलं, आणि माझी परवानगी का घेतली नाही, याचा खुलासा करावा. यापुढे एक तर ती राहील, नाहीतर मी.

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. जोरदार आहे. तक्रार विभागात असताना असं वाक्य वाचून मी स्वतः तक्रारदाराकडे पळत गेले असते.

अंदाज: उद्या संध्याकाळपर्यंत तिघे दारात. ड्रमर रडेल.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दारात आले नाहीत. बेसवाल्याच्या दवाखान्यात बोलावलं, पेशंट संपल्यावर. वेटिंग रूममध्ये बसलो. समोर भिंतीवर मोठ्या दाताचं चित्र. मी एका बाकावर, ते तिघे समोरच्या बाकावर, दात काढून घ्यायला आल्यासारखे. जावई नव्हता. त्याला मुद्दाम लपवलं असणार.

मी मुद्देसूद बोलले. दीर बेसवाल्याकडे बघतो, बेसवाला ड्रमरकडे. शेवटी ड्रमरनं बाही वर केली आणि मनगट दाखवलं. पट्टा बांधलेला. तरी केवढं सुजलं होतं. तो म्हणाला की डॉक्टरनी दोन वर्षांपूर्वीच बंद करायला सांगितलंय. मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, मग दोन वर्षं वाजवलंस कशाला?

तो म्हणाला, "तुम्ही थांबत नव्हता ना, बाई."

मग भराभर सगळं बाहेर आलं. बेसवाल्याला ऑपरेशन करून घ्यायचंय, दौऱ्यासाठी पुढे ढकलतोय. दिराला दिवसा दोन तारा चार दिसतात. दर वर्षी तिघे ठरवतात की या वर्षी वहिनींना सांगायचं, आणि दर वर्षी मी नव्या दौऱ्याचे हॉल ठरवून येते. दादा गेल्यावर एवढंच उरलंय तिला, असं एकमेकांना म्हणतात.

एवढंच उरलंय तिला! मला! मी यांच्यासाठी गळा झिजवते आणि हे माझं मन राखायला वाजवतात, आजारी माणसाजवळ आळीपाळीनं बसावं तसे.

मी म्हटलं, आणि ती मुलगी? तर तिघेही एकदम दाताच्या चित्राकडे बघायला लागले.

उघड आहे. मला काढायचं, मुलीला उभी करायची, नवा बँड. मनगट, ऑपरेशन, डोळे, सगळी सोंगं. उठून निघून आले. माझ्यामागे कोणी आलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

कोणी आलं नाही. फोन नाही. बरं आहे, शांतता आहे.

ठराव: आपण होऊन फोन करायचा नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

फोन बंद पडलाय की काय म्हणून तपासला. चालू आहे. खात्री करायला लेकीला लावला. ती म्हणाली, आई, आवाज बसलाय तुझा. मी म्हटलं, हो. तिनं काय विचारलं होतं कोण जाणे, पण या वेळी उत्तर बरोबर निघालं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

मनगट खरंच सुजलं होतं. सोंग करून मनगट सुजत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

संत्री संपली.

शेवटचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी, सहा तारखेला. जुना टाउन हॉल, जिथं आम्ही सुरुवात केली तोच. तिकिटं विकली गेली आहेत. जायचं की नाही हे मी ठरवायचं. जावयाला गाठल्याशिवाय ठरवणार नाही. तो एकटा सापडला की बोलेल. सासऱ्यासमोर त्याची दातखीळ बसते.

सोमवार, १ डिसेंबर

दुपारी त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले. तो एका स्पीकरचं पोट उघडून बसला होता. मला बघून उभा राहिला, हातातला स्क्रू खाली पडला, तो शोधायच्या निमित्तानं बराच वेळ टेबलाखाली राहिला.

मी म्हटलं, वर ये. आणि लाव ती.

तो म्हणाला, मावशी, नको. मी म्हटलं, तुला कोणी काही म्हणणार नाही, जबाबदारी माझी. मग त्यानं लॅपटॉप उघडला. म्हणाला की कार्यक्रमात नुसता सूर लावतो, पुढचं-मागचं कापून. अख्खी फीत जुनी आहे, खराब आहे, त्यात पंख्याचा आवाज येतो. मी म्हटलं, अख्खी लाव. कानातलं यंत्र काढून रुमालात ठेवलं. त्यानं मोठे हेडफोन दिले.

आधी पंखा. मग खुर्ची करकरली. मग कोणीतरी खाकरलं. डावीकडून, माइकपासून लांब. दोनदा, दुसऱ्यांदा लहान. घरात कुठेही असले तरी मी ते ओळखलं असतं. जिन्यावरून, न्हाणीघरातून, बंद दारातून. चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

आणि मग फितीतच माझ्या नवऱ्यानं हलकेच म्हटलं, "दमानं घे."

मी हेडफोन काढले. जावई पाणी आणायला उठला. मी त्याला बसवलं आणि परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदाही तिथपर्यंतच ऐकलं. तिसऱ्यांदा तिला गाऊ दिलं.

एका गोदामाच्या मागच्या खोलीत केलं होतं हे रेकॉर्डिंग. भिंतींना ब्लँकेटं टांगून. मी तिशीत होते. मला लवकर घरी जायचं होतं, लेक तापानं फणफणली होती. म्हणून घाई करते आहे ती. मी उगाच बोलले तिला.

जावयानं सगळं सांगितलं. त्यानं सुरू केलेलं नाही. काकांनी केलं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माझी साठी झाली त्या वर्षी. पहिल्यांदा एकाच कार्यक्रमात, मला सर्दी होती म्हणून. मग पुढच्याही. मग सगळ्याच. आजारी पडल्यावर त्याला शिकवून ठेवलं, कुठल्या शब्दावर हात न्यायचा, किती उचलायचं. मावशीला कळता कामा नये, एवढी ताकीद दिली. स्टेजवरच्या स्पीकरमध्ये ती सोडायची नाही, फक्त लोकांकडे तोंड असलेल्यांत. म्हणून मला ऐकू आली नाही. यंत्र आलं नसतं तर आलीही नसती.

म्हणजे कितीतरी दौरे मी त्याच्याकडे जाऊन विचारलं, लागला ना? आणि तो म्हणाला, लागला. एकदाही खोटं बोलला नाही. लागलाच होता.

निघताना जावयानं विचारलं की मावशी, रागावलात का. काय उत्तर दिलं आठवत नाही. हेडफोन त्याला परत दिले असं वाटत होतं, पण घरी आले तेव्हा गळ्यात होते.

मंगळवार, २ डिसेंबर

मसुदा. उद्या टाइप करून तिघांना, एक प्रत जावयाला.

विषय: शनिवार, ६ डिसेंबरचा शेवटचा कार्यक्रम.

शेवटचा हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे. दौरे यापुढे बंद. हा निर्णय माझा आहे आणि तो केवळ ड्रमरच्या मनगटाचा, बेसवाल्याच्या ऑपरेशनचा आणि दिराच्या डोळ्यांचा विचार करून घेतला आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी. माझ्या गळ्याचा यात संबंध नाही.

(शेवटचं वाक्य खोडावं. राहू दे. बघू.)

(खोडलं.)

ड्रमरनं शनिवारी पट्टा काढू नये. लांब सोलो रद्द. त्या वेळात बेसवाल्यानं खुशाल जाऊन यावं, आम्ही थांबू. विनोद दिरानं एकच सांगावा, आणि तो लोकांना संपवू द्यावा.

शेवटच्या गाण्यातला वरचा सूर त्या मुलीनं लावावा. मी ओठ हलवीन. ओठांत बसायचा मला सराव नाही, कारण माझ्या खांद्यावर वेळच्या वेळी कोणी बोट ठेवलं नाही. तुम्ही तिघांनी ठेवलं नाही. ज्यानं ठेवायला हवं होतं त्यानं तर मुळीच ठेवलं नाही. याबद्दलची माझी तक्रार कायम आहे, पण ती ज्याच्याकडे करायची तो उत्तर देणार नाही, म्हणून दाखल करत नाही.

माझी एकच अट आहे. फीत सुराच्या आधी कापू नये. पंखा, खुर्ची, खाकरणं आणि ते दोन शब्द, सगळं हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येईल इतकं उचलून लावावं. लोकांना वाटेल काहीतरी बिघाड झाला. वाटू दे. या वेळी ते स्टेजवरच्या स्पीकरमध्येही सोडावं.

अट मान्य आहे की नाही, हे शुक्रवार, ५ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावे. फोन करू नये. फोनवर मला ऐकू येत नाही.